मागच्या खुरांतली ओली वाळू

१

हिल्का पुन्हा उधळली. आणि जिंकत असताना उधळली, म्हणून जास्तच वाईट.

शेवटचं वळण संपलं होतं, समोर सरळ पट्टा, मागचा घोडा निदान पाच घोडे लांब. तेवढ्यात त्या चार वर्षांच्या घोडीने मान वर केली, पाय अडखळले, आणि दुडकी मोडून ती चौखूर सुटली. दुडकीच्या शर्यतीत चौखूर म्हणजे बाद, मग तुम्ही कितीही पुढे असा. घोडीमागच्या छोट्या दोनचाकी गाडीवरच्या इंकेरीने तिला बाहेरच्या कडेला ओढून थांबवलं. रेयो मान्निलाचा तो ढिम्म घोडा, जो एरवी हिल्काच्या धुळीतही दिसला नसता, तो आरामात पहिला आला.

केर्तू तबेल्याच्या कडेला पुढच्या शर्यतीच्या एका घोडीचा सुटलेला खिळा ठोकत होती आणि हिल्काच्या तबेल्यात राबणारी मिर्या त्या घोडीचा पाय धरून उभी होती. गर्दीचा "अरेरे" ऐकून दोघींनी मान वर केली. हाउकिवाराच्या मैदानावर दोन हजार माणसं असतील. बघता बघता त्यातली निम्मी केर्तूकडे वळली. का नाही वळणार? केर्तू कोर्तेस्माकी नालबंद, हिल्काचे नाल तिच्या हातचे, आणि गाडीवरची इंकेरी तिचीच मुलगी. दोष द्यायला एकच घर पुरे!

"नाल जड झालेत गं तुझे!" कुंपणावरून कोणीतरी ओरडलं. "नाहीतर हात!"

हिल्काला आणल्यावर केर्तूने तिचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला. खिळे घट्ट. नाल केसभरही सरकलेला नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. मग मागचे पाय. तिथेही नाल जागच्या जागी, पण खुराच्या खाचेत वाळूचा गोळा बसला होता आणि तो ओला होता.

तिने तो बोटांत चुरून पाहिला. तीन आठवडे फिनलंडच्या या कोपऱ्यात थेंब पडला नव्हता. मैदानावर पाणी मारणारा टँकर पंप जळून पडला होता, सकाळपासून सगळ्यांच्या कॉफीत धूळ होती. पुढचे खूर कोरडे ठणठणीत आणि मागचे ओले. हे काय नवीन?

"केर्तू." आर्मस आला होता. घोडी त्याची, तबेला त्याचा. सत्तरीचा माणूस, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मोटारीत जाऊन बस. लोकांशी मी बोलतो. मनावर घेऊ नकोस."

किती मायेने म्हणाला! तिला तिथेच रडू फुटलं असतं. तिने ती वाळू एप्रनच्या खिशात टाकली आणि निमूट मोटारीकडे गेली.

२

जूनमध्ये सगळं किती सोपं होतं.

हिल्काचा हा पहिलाच मोसम. पहिली शर्यत आर्मसने स्वतः हाकली आणि जिंकली. दुसरीही जिंकली. नंतर तिला नमुन्याच्या खोलीत नेलं. जिंकलेल्या घोड्याला काही चारलंय का ते बघायला लघवी तपासतात, आणि घोडा काही कोणाच्या हुकमाने मुतत नाही. लांब दांडीला भांडं लावून कारकून बिचारा तास तास ताटकळतो. आर्मस आत आला, त्याने ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. तीन सूर, उतरत जाणारे, शेवटचा लांबलचक. हिल्काने तत्काळ मागचे पाय फाकले.

"नळच आहे की हा!" कारकून म्हणाला, आणि सगळे पोट धरधरून हसले. केर्तूसुद्धा. शीळ घालून घोड्याला मुतायला लावणं ही इथली जुनी रीत, पण इतकी आज्ञाधारक घोडी तिनेही पाहिली नव्हती.

जुलैत आर्मसचे डोळे गेले. म्हणजे पुरते नाही. कडेचं दिसायचं, मधोमध मात्र डाग. शर्यतीचा परवाना गेला, मोटार चालवणंही बंद झालं. तेव्हापासून मैदानावर त्याला नेणं-आणणं केर्तूकडे. त्यात उपकार कसला? तिचा नवरा घर सोडून गेला तेव्हा हाच माणूस भावासारखा मागे उभा राहिला होता. अंगणात सगळ्यांना बोलावून त्याने हिल्काचे लगाम इंकेरीच्या हातात दिले. "सात वर्षांची होतीस, तेव्हा मांडीवर बसवून धरायला शिकवले. आता धर," म्हणाला. इंकेरी रडली, केर्तू रडली. बारा वर्षं त्या तबेल्यात राबणारी मिर्या कॉफी आणते म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर तीन शर्यती झाल्या. हाउकिवाराला उधळली. रौतालाच्या मैदानावर सरळ धावून दुसरी आली. आणि आता हाउकिवाराला पुन्हा. एका मोसमात तिसऱ्यांदा उधळली की घोडी परत नवशिक्यांच्या चाचणीला. ऑगस्टअखेरची, हाउकिवारालाच होणारी, चार वर्षांच्या घोड्यांची अंतिम शर्यत तेवढी हाताशी उरली होती, आणि ती घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते.

केर्तूच्या हाताशी तर तेवढंही उरलं नव्हतं. सोमवारी दुपारपर्यंत तीन तबेल्यांचे फोन आले. या वेळी दुसऱ्याला बोलावतोय, राग मानू नकोस. पहिला फोन रेयोचा. चाळीस वर्षांचं नाव, आणि एका सकाळीत गेलं.

"आई, माझेच हात वाईट असतील," संध्याकाळी इंकेरी म्हणाली. "मी परवाना परत करते."

"कर. पण अंतिम शर्यतीनंतर. आधी मी विचारते त्याची उत्तरं दे."

३

जेवणाच्या टेबलावर काळा पाव, लोणी आणि कॉफी होती. इंकेरीने कशालाच हात लावला नव्हता.

"बोळे कुठे काढलेस?"

घोडी शांत राहावी म्हणून तिच्या कानांत बोळे घालून तिला पळवतात. शेवटच्या पट्ट्यात हाकणाऱ्याने दोरी ओढली की बोळे निघतात, गर्दीचा आवाज एकदम कानांवर आदळतो आणि घोडी जीव काढून धावते.

"काकांनी सांगितलं तिथेच. सॉसेजच्या टपरीसमोर, लाल खांबापाशी."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. आर्मसकाका म्हणाले, एक पाऊल अलीकडे नाही की पलीकडे नाही."

"आणि रौतालाला?"

"तिथे दोरी लगामात अडकली. बोळे निघालेच नाहीत. म्हणून तर दुसरी आली, नाहीतर..." इंकेरी बोलता बोलता थांबली.

"नाहीतर उधळली असती," केर्तू म्हणाली. "म्हणजे पायांत काही नाही. जे आहे ते कानांत आहे. ती काहीतरी ऐकते."

"पण काकांनी जूनमध्ये दोनदा बोळे काढले. तेव्हाही गर्दी होतीच की."

"होती ना. म्हणून तर विचारतेय. बरं, उधळल्यावर तू तिला कडेला थांबवलंस. मग काय केलं तिने?"

"काय करणार? मुतली. घाबरली असेल."

"दोन्ही वेळा?"

"हो गं, दोन्ही वेळा. त्यात काय?"

केर्तूने खिशातला वाळूचा वाळका गोळा काढला आणि नाकाशी नेला.

"आई! शी! जेवतोय आपण!"

पण केर्तूला काही ऐकू आलं नाही. तिच्या डोक्यात तीन सूर वाजत होते, उतरत जाणारे.

४

टपरीसमोर, लाल खांबापाशी, शर्यतीच्या दिवशी एक माणूस हमखास असतो. हातात सॉसेज, मिशीला मोहरी. रेयो मान्निला. हिल्का दोनदा उधळली आणि दोन्ही वेळा पहिला आला तो त्याचाच घोडा.

"आलीस भांडायला?" तिला दारात बघून रेयो म्हणाला. "ये बाई, ये. कॉफी पिऊन भांड."

"शीळ घाल बघू."

"काय?"

"शीळ घाल म्हणते. ऐकायची आहे मला."

रेयोने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही हिचं डोकंही हातांबरोबर गेलं. मग त्याने तोंड उघडलं. वरचे पुढचे दोन दात नव्हते. "मे महिन्यात शिंगरीने लाथ घातली. तेव्हापासून फुंकर तेवढी निघते. हे बघ." त्याने गाल फुगवून जोर लावला. फूऽऽ. थोडी थुंकी उडाली, दुसरं काही नाही. "दाताचा डॉक्टर म्हणतो सप्टेंबरात ये. तोवर सॉसेजसुद्धा बाजूने चावतो."

केर्तूला त्या परिस्थितीतही हसू आलं. "मग माझे नाल का नको म्हणालास? खरं सांग."

रेयो ओशाळला. कपात बघत म्हणाला, "मी कशाला म्हणेन? आर्मस टपरीवर सगळ्यांना सांगत होता ना. केर्तूला कोणी बोलू नका, तिचे हात थरथरायला लागलेत, बिचारी कोणाला सांगत नाही. मला वाटलं, तोच म्हणतोय तर..."

केर्तूने दोन्ही हात टेबलावर ठेवले. पालथे, मग उताणे. रेयो बघत होता, तीही बघत होती. बोट तर सोडा, नखसुद्धा हललं नाही.

"लोकांशी मी बोलतो," आर्मस म्हणाला होता. खरंच बोलला होता की!

५

तरीही तिला वाटत होतं, मिर्या असू दे. देवा, मिर्याच असू दे. लगाम आपल्याला मिळतील असं मिर्याला वाटलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिला राग येणं साहजिक. तिच्यावर रागावणंही सोपं.

शनिवारी दोघी सौनात, तापल्या वाफेच्या खोलीत, वरच्या फळीवर बसल्या होत्या. गेली कित्येक वर्षं बसत होत्या.

"तुला वाटतंय मी केलं," मिर्या म्हणाली.

"हो."

"निदान तोंडावर म्हणालीस. बरं, काय केलं मी?"

"शीळ घातलीस. लाल खांबापाशी उभी राहून. बोळे निघाले की हिल्काला ऐकू येते. तिला कळत नाही पळू की थांबून मुतू. पाय गोंधळतात आणि ती उधळते."

मिर्याने कपाळावरचा घाम पुसला. "शिंगरू होती तेव्हापासून शिकवलंय आम्ही तिला. रोज संध्याकाळी, गवतात उभी करून. दुसऱ्या कोणी शीळ घातली तर ती कानही हलवत नाही. आमच्या दोघांच्याच शिळेला मुतते."

"दोघांच्या."

"माझ्या आणि..." मिर्याने वाक्य सोडून दिलं. "केर्तू, मागच्या शर्यतीत ती उधळली तेव्हा मी कुठे होते? आठव. दुसऱ्या घोडीचा पाय धरून तुझ्याच नाकासमोर उभी होते. खिळा तू ठोकत होतीस."

केर्तूने डावभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं. वाफ चुरचुरत वर आली आणि दोघींना एकमेकींचे चेहरे दिसेनासे झाले. बरंच झालं.

"नाव घेऊ नकोस," मिर्या वाफेतून म्हणाली. "मला सोमवारी त्याच्याच तबेल्यात जायचंय."

६

पण का? चोरालासुद्धा काहीतरी हवं असतं. आर्मसची स्वतःची घोडी, त्याचाच तबेला, त्यानेच निवडलेली इंकेरी. हिल्का हरली तर त्याला काय मिळणार होतं?

रविवारी केर्तू त्याच्याकडे कॉफीला गेली. दर रविवारी जायची, न जाती तर त्याला संशय आला असता. त्याने वेलचीचा गोड पाव कापून ठेवला होता. कपाचा कान तो बोटांनी चाचपडत शोधत होता, आणि तिला पुन्हा त्याची दया आली. स्वतःचाच राग आला तिला.

"अंतिम शर्यतीला नाल माझेच हवेत," ती म्हणाली. "आणि हाकेल इंकेरीच."

"अर्थात!" तो चटकन म्हणाला. "लोक गेले उडत. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

किती पटकन म्हणाला.

समोरच्या भिंतीवर चाळीस वर्षांचे फोटो होते. प्रत्येकात एक घोडा, गळ्यात फुलं, गाडीत आर्मस. तरुण आर्मस, मिशीवाला आर्मस, टकलू आर्मस. मधोमध एक जागा मोकळी होती आणि तिथे नुसताच खिळा. तो तिने शंभरदा पाहिला होता. आज विचारलं.

"तो खिळा कशाचा रे?"

"हा?" आर्मस उठला. "चार वर्षांच्या घोड्यांची अंतिम शर्यत. तीनदा दुसरा आलो. तीनदा! हिल्का जन्मली त्याच दिवशी मी ओळखलं होतं, ही आणणार." त्याने हात पुढे केला. "आता कोण बसणार गाडीत, कोणाचा फोटो लागणार, काय फरक पडतो म्हणा."

कपाचा कान न दिसणाऱ्या माणसाचं बोट त्या खिळ्यावर मात्र नेमकं जाऊन टेकलं होतं.

केर्तूने कॉफी संपवली. कप धुऊन ठेवला. दारापाशी त्याने नेहमीसारखी तिला मिठी मारली, आणि तिने मारू दिली.

७

अंतिम शर्यतीच्या सकाळी तिने इंकेरीला एवढंच सांगितलं, "बोळे काढू नकोस. दोरी मी हिल्काच्या कानटोपीला शिवून टाकली आहे."

"काकांना सांगू?"

"नको."

"का?"

"आज रात्री विचार."

दुपारी आर्मसला तिनेच गाडीतून आणलं. तो म्हणाला, मला टपरीपाशी सोड, भोंगा तिथे स्पष्ट ऐकू येतो. ती म्हणाली, मीही थांबते. तो नको म्हणाला नाही. लाल खांबाला टेकून दोघं उभी राहिली.

भोंग्यावरून नावं पडत होती. हिल्का तिसरी. हिल्का बाहेरून पुढे. वळणावर हिल्का पहिली! लोक कुंपणावर चढले, आरडाओरडा, शिट्ट्या, टाळ्या. एवढ्या गदारोळात एका शिळेकडे कोण लक्ष देणार? केर्तूने शर्यतीकडे पाहिलंच नाही. ती आर्मसच्या ओठांकडे बघत होती. शेवटच्या क्षणापर्यंत तिला वाटत होतं, नाही घालणार. आपण शेजारी उभ्या असताना तरी नाही घालणार.

त्याने ओठांचा चंबू केला. तीन सूर, उतरत जाणारे. शेवटचा लांबलचक.

हिल्का समोरून गेली. कान सरळ, दुडकी घड्याळासारखी. मागचा घोडा सहा घोडे लांब.

आर्मसने पुन्हा शीळ घातली, घाईघाईने. मग तो थांबला.

"बोळे आहेत तिच्या कानांत," केर्तू म्हणाली. "शिवलेत."

भोंगा इंकेरीचं नाव ओरडत होता. आर्मसने चष्मा काढला. त्याचे डोळे तिच्या कानाच्या कुठेतरी बाजूला बघत होते. तिला बघायचं तर आता त्याला तसंच बघावं लागायचं.

"चाळीस वर्षं, केर्तू," तो म्हणाला. "चाळीस वर्षं वाट पाहिली मी अशा घोडीची. ती आली आणि माझे डोळे... मला वाटलं, यंदा नको. बास, मी गाडीत नाही तर कोणीच नको."

"मग इंकेरीला कशाला बसवलंस?"

"सगळे म्हणत होते बसव. नाही म्हणायला कारण काय देऊ?"

"आणि माझे हात? त्यांना कोणतं कारण होतं?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला तोंडावर शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं," केर्तू म्हणाली, आणि आता तिचा आवाज खरंच थरथरला. "तू लोकांना सांगितलंस, तिला काही बोलू नका. माझी कीव करायला लावलीस त्यांना! आत्ता बक्षीस देताना तुझ्यासमोर माइक धरतील. तिथे सांग. इंकेरीला तुझ्या तोंडून कळू दे."

"सांगतो," आर्मस म्हणाला. "शप्पथ."

हिल्काच्या गळ्यात फुलं पडली, फोटो निघाला, गाडीत इंकेरी आणि घोडीच्या तोंडाशी आर्मस. निवेदकाने माइक पुढे केला. "दोनदा उधळलेली घोडी आज अशी धावली! काय बदललंत, आर्मस?"

आर्मसने घसा खाकरला. सगळं मैदान ऐकत होतं.

"नशीब," तो म्हणाला. "घोड्यांचं काय, नशीबच असतं."

८

नमुन्याच्या खोलीत कारकून दांडी धरून ताटकळला होता. दुसऱ्या आलेल्या आपल्या घोड्याला घेऊन रेयोही तिथेच होता आणि फूऽऽ फूऽऽ करून घामाघूम झाला होता. हिल्का मख्खासारखी उभी. मिर्या पुढच्या शर्यतीचा घोडा घेऊन बाहेर गेलेली.

"काका, घाला ना शीळ," इंकेरी हसत म्हणाली. चेहऱ्यावर अजून धूळ होती, त्यातून आनंद ओसंडत होता. "तुमची लाडकी अडून बसली आहे."

आर्मस दारात खिळून उभा राहिला. त्याने मान किंचित वळवली, केर्तूला कडेने बघायला.

"घाल ना," केर्तू म्हणाली. "तुझ्यासारखी शीळ कोणाची नाही."

घातली नाही तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. त्याने घातली.

हिल्काच्या कानांतले बोळे आता काढलेले होते. तिचे कान झटकन त्याच्याकडे वळले, मागचे पाय फाकले. कारकुनाने भांडं पुढे केलं. "नळच आहे!" तो म्हणाला आणि एकटाच हसला.

इंकेरीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं होतं, नुसतं विसरून राहिल्यासारखं.

"ही..." ती म्हणाली. "ही शीळ मी ऐकली आहे. खांबापाशी. मला वाटलं गर्दीतलं कोणी टारगट आहे. दोन्ही वेळा ऐकली, आई. दोन्ही वेळा शिळेनंतरच्या पुढच्याच पावलाला..."

"हो," केर्तू म्हणाली.

"पोरी, ऐक..." आर्मस पुढे आला.

"पोरी म्हणू नका मला."

रेयोने एकदा आर्मसकडे पाहिलं, एकदा केर्तूकडे. त्याला उशिराने कळलं, पण कळलं. "म्हणजे हात..." तो म्हणाला.

"हात पहिल्यापासून ठीक होते," केर्तू म्हणाली.

"उद्या चार वाजता ये. दोन घोडे आहेत," रेयो म्हणाला आणि लाल झाला. "टपरीवर मी सांगतो सगळ्यांना. दात नसले तरी तेवढं बोलता येतं मला."

हिल्काने पुढे होऊन आर्मसच्या कोटाच्या खिशात तोंड घातलं. पावाचा तुकडा असायचा तिथे नेहमी. तिचं कोणाशी काही भांडण नव्हतं.

फोटोवाला दारातून डोकावला. "फार छान आलाय फोटो! मोठा करून देऊ?"

"द्या," इंकेरी म्हणाली. "काकांच्या भिंतीवर खिळा तयार आहे." ती आर्मसकडे वळली. "गाडीत मी आहे त्यात. माझ्यासकट लावा." एवढं बोलून तिने हिल्काचा दोर उचलला आणि ती बाहेर गेली. अंगणात पोचल्यावर मात्र तिचे खांदे हलायला लागले, ते केर्तूला इथून दिसलं.

केर्तूने एप्रन सोडून त्याची घडी घातली आणि गाडीची किल्ली काढली. किल्लीचा आवाज ओळखून आर्मस तिच्या मागोमाग आला, सवयीने.

"केर्तू. मला घरी सोडशील ना?"

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"बस सहाला सुटते, आर्मस," ती म्हणाली. "लाल खांबामागच्या रस्त्यावरून. तो खांब सापडतो तुला."